राहिलेला बैल पोळ्यात न्यायचा का?

डॉक्टरसाहेब, नमस्कार. आमचं गाव उमरेड तालुक्यात, घरी सात एकर वावर. तीन आठवड्यांआधी आमच्या जोडीतला एक बैल गेला. रात्री कुटार खाल्लं, पाणी प्याला आणि सकाळी कोठ्यात मरून पडलेला. नाकातून आणि मागून काळं रक्त येत होतं, ते गोठतच नव्हतं. पोट टम्म फुगलेलं. गावातले म्हणाले, पान लागलं, म्हणजे साप चावला. यांनी आणि दिरांनी नुसत्या हातांनीच रक्त पुसलं, पायाला दोर बांधून ट्रॅक्टरने ओढत नेलं आणि नाल्याजवळ धुऱ्याला, म्हणजे वावराच्या बांधाला, पुरलं. घाईत खड्डा टोंगळ्याइतकाच झाला. मागच्या आठवड्यात पावसाने माती वाहून गेली, कुत्र्यांनी उकरलं. तेव्हा मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एकट्यानेच पुन्हा माती लोटली.

माझा भाऊ नागपूरला शिकतो. त्याने मोबाइलवर वाचून सांगितलं की ही काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स असेल, माणसालाही होते, पाकिटातून पावडर पाठवली होती तोच हा रोग. तेव्हापासून मला झोप नाही. मामाजी म्हणतात, कोणाला सांगू नको, आपलं दूध कोणी घेणार नाही. घरी आता एक बैल, एक दुभती गाय, दीड वर्षाचा गोऱ्हा आणि सहा शेळ्या आहेत. मागच्या पावसाळ्यात दोन करडं अशीच अचानक मेली, तोही हाच रोग का? पोळा जवळ आला आहे. राहिलेला बैल पोळ्यात न्यायचा की नाही?

– एक सून, उमरेड तालुका

ताई, नमस्कार.

प्रश्न पाच-सहा आहेत, उत्तरं सावकाश देतो. पण आधी मामाजींचे हात, मनगटं, मान आणि चेहरा दिवसाच्या उजेडात नीट बघा. उकरलेल्या शवावर त्यांनी मागच्याच आठवड्यात माती लोटली आहे. तुमच्या घरात आज सर्वांत जास्त लक्ष त्यांच्याकडे हवं.

काय बघायचं? किडा चावल्यावर उठते तशी खाजरी पुळी. एक-दोन दिवसांत तिचा फोड होतो, फोड फुटला की मध्यभागी काळी खपली धरते आणि भोवतालचा भाग भलताच सुजतो. आणि एवढं होऊनही ती दुखत नाही. फसगत होते ती इथेच. कास्तकाराच्या हाताला रोज काटा रुततो, विळा लागतो. न दुखणाऱ्या पुळीकडे बघायला कोणाला वेळ आहे? अशी पुळी दिसली तर ती फोडायची नाही, डागायची नाही, हळद-चुनाही लावायचा नाही. त्याच दिवशी तालुक्याच्या रुग्णालयात न्या. तिथून पाठवलं तर नागपूरला मेडिकल किंवा मेयो या मोठ्या सरकारी रुग्णालयात. डॉक्टरसमोर बसल्यावर पहिलं वाक्य हे सांगा: 'आमचा बैल अचानक मेला आणि त्याच्या शवाला हात लागला.' हे वाक्य गिळलं तर समोरच्या तरुण डॉक्टरला काळपुळी सुचणं कठीण, कारण बहुतेकांनी ती पुस्तकाबाहेर पाहिलेलीच नसते. सांगितलं तर पुढचं काम सोपं आहे, साधी प्रतिजैविकं तिच्यावर चालतात. कातडीची काळपुळी तशीच अंगावर काढली तर शंभरातले दहा ते वीस रोगी दगावू शकतात. वेळेत औषध मिळालं तर क्वचितच कोणी दगावतं.

तुमच्या यजमानांना आणि दिरांना तीन आठवडे झाले. कातडीवरची पुळी बहुतेक वेळा एक ते सात दिवसांत उठते. त्यांचे हात स्वच्छ असतील तर त्या दिवसाच्या स्पर्शाची धास्ती सोडायला हरकत नाही. मामाजींवर मात्र आणखी दोन आठवडे नजर ठेवा. पुळी नसली पण जोराचा ताप आला, धाप लागली किंवा पोटात कळा येऊन रक्ताची हगवण लागली, तरी थांबू नका. दोर ओढताना कोणाचा हात कापला असेल तर त्याला धनुर्वाताची सुई द्या. तो जंतू वेगळा, पण तोही मातीतच दबा धरून बसलेला असतो. आणि घरच्यांना एक सांगा, एका ताटात जेवल्याने किंवा शेजारी झोपल्याने काळपुळी एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. मामाजींचं अंथरूण वेगळं काढू नका, उगाच त्यांचं मन मोडेल.

पत्रात कातडं काढल्याचा किंवा मांस कोणी नेल्याचा उल्लेख नाही. तसं काही घडलं असेल आणि तुम्ही संकोचाने लिहिलं नसेल, तर त्या घरांना आजच सावध करा. मांस शिजवलं म्हणजे हा जंतू मेलाच असं नाही.

भावाने मोबाइलवर वाचलं ते बरं केलं, नाहीतर हे पत्र आलंच नसतं. पण पाकिटातल्या पावडरीची गोष्ट डोक्यातून काढून टाका. अमेरिकेत २००१ मध्ये टपालातून जे पाठवलं गेलं ते मुद्दाम बारीक केलेलं, हवेत उडून फुप्फुसात जाईल असं होतं. २२ जण आजारी पडले, ५ दगावले. कोठ्यातून आणि वावरातून माणसाला होते ती जवळजवळ नेहमी कातडीची काळपुळी असते.

आता, होती का ती काळपुळी?

पत्रावरून निदान करणारा पशुवैद्य भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, मीही करणार नाही. पण संशय घ्यायला तुमच्या वर्णनात पुरेसं आहे. धडधाकट बैल रात्रीतून जातो, नाकातून आणि गुदद्वारातून काळपट न गोठणारं रक्त येतं, पोट लवकर फुगतं. दिरांना आणखी एक विचारा: ओढून नेताना बैलाचे पाय लाकडासारखे ताठ होते की सैल? या रोगात शव पूर्ण ताठत नाही.

गावकरी पान लागलं म्हणाले, तेही अगदीच वावगं नाही. घोणस चावली तरी रक्त गोठायचं थांबतं आणि नाकातोंडातून येऊ शकतं. मात्र चावल्या जागी मोठी सूज येते, ती कोणी पाहिली का? वीज पडूनही जनावर जागच्या जागी जातं, पण ते बहुधा झाडाखाली किंवा तारेच्या कुंपणाजवळ, तोंडात अर्धवट चावलेला घास घेऊन. तुमचा बैल कोठ्यात होता. घटसर्पात गळा सुजतो आणि जनावर घोरतं. कोवळ्या ज्वारीची विषबाधा असेल तर रक्त उलट लालभडक दिसतं. कपाशीवर फवारायचं औषध पोटात गेलं तर तोंडाला फेस येतो, अंग थरथरतं. एकेक करून हे बाजूला सारलं की जे उरतं ते मला आवडणारं नाही.

खरं तर याचा निकाल त्याच सकाळी लागला असता, तोही बैलाला सुरी न लावता. मेलेल्या जनावराच्या कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब काचेवर घ्यायचा, मिथिलीन ब्लू नावाचा रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. काळपुळीचे जंतू निळे दिसतात आणि प्रत्येकाभोवती गुलाबी कवच दिसतं. मॅकफेडियन या पशुवैद्याने १९०३ मध्ये हे दाखवलं आणि आजही पहिली तपासणी तीच आहे. आता शव कुजल्यावर त्या थेंबाचा उपयोग नाही. मात्र खड्ड्याजवळची आणि कोठ्यातली माती प्रयोगशाळेत तपासता येते. नमुना पशुवैद्यकच घेतील. तुम्ही डबीत माती भरून आणू नका, ही विनंती समजा किंवा दटावणी समजा.

मेल्यानंतरचं कारण कळावं म्हणून जनावर फाडायचं, ही सवय आपल्याकडे चांगल्या हेतूने रुजली आहे. काळपुळीच्या संशयात मात्र तीच सर्वांत घातक. मरणाच्या वेळी जनावराच्या रक्ताच्या एका थेंबात या जंतूंची अक्षरशः लाखोंनी गर्दी असते. शव बंद राहिलं तर आत हवा नसते, आतड्यातले कुजवणारे जंतू वाढतात आणि काही दिवसांत काळपुळीचे जंतू आतल्या आत संपतात. शव उघडलं, रक्त बाहेर आलं, हवा लागली, की तो जंतू आपलं रूप बदलतो. स्वतःभोवती जाड आवरण घालून मडक्यात राखून ठेवलेल्या बियाण्यासारखा निपचित पडून राहतो. यालाच बीजाणू म्हणतात. त्याला ऊन मारत नाही, थंडी मारत नाही, साधं फिनाइल तर मुळीच मारत नाही.

हे चक्र रॉबर्ट कॉख या खेड्यातल्या जर्मन डॉक्टरने १८७६ मध्ये उलगडून दाखवलं. बीजाणू किती टिकतात याचा धडा मात्र स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड नावाच्या लहान बेटाने दिला. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, ब्रिटिशांनी तिथे मेंढ्या बांधून काळपुळीच्या बॉम्बची चाचणी घेतली. त्यानंतर ते बेट माणसांना बंद झालं. १९८६ मध्ये समुद्राच्या पाण्यात फॉर्मल्डिहाइड हे जंतुनाशक मिसळून ते जवळजवळ धुऊन काढलं, तेव्हा कुठे १९९० मध्ये ते सुरक्षित जाहीर झालं. तेही तिथल्या आंबट मातीत. आपल्या विदर्भाची काळी, चुनखडीची, क्षारयुक्त जमीन या बीजाणूंना त्याहून जास्त मानवते.

तुमच्याकडे शव आता बंद राहिलेलं नाही. कुत्र्यांनी ते उघडलं आहे. म्हणून माती तपासून उलट निकाल येईपर्यंत तो धुरा बाधित आहे असंच धरून चला.

लगेच करता येण्यासारखं आहे ते करा. बाभळीच्या काट्या तोडून खड्ड्याभोवती जाड कुंपण करा, कुत्रं आणि डुक्कर शिरणार नाही इतका. त्या तुकड्यात चराई नको, वखर-नांगर नको, गवत कापून आणणं नको. बैल ज्या वाटेने ओढत नेला तिथेही रक्त सांडलं असेल. ती वाट जनावरांसाठी बंद. कोठ्यात बैल पडला होता त्या जागेवरून गाय-गोऱ्हा हलवून दुसरीकडे बांधा. ओढायला वापरलेला दोर आणि रक्त पुसलेल्या चिंध्या अजून घरात असतील तर त्या हात न लावता, काडीने उचलून जाळून टाका. नाल्याचं पाणी त्या जागेच्या खाली जनावरांना पाजू नका.

बाकीचं पशुवैद्यकांच्या देखरेखीखाली होऊ द्या. शव खोल पुरायचं की जाळायचं, कोठ्यातली रक्त मुरलेली माती किती काढायची, फॉर्मेलीन (फॉर्मल्डिहाइडचं द्रावण) कुठे आणि किती ओतायचं हे त्यांना जागा पाहून ठरवावं लागेल. फॉर्मेलीन माणसाच्या डोळ्यांना आणि फुप्फुसांना वाईट. ते दुकानातून आणून मामाजींनी एकट्याने शिंपडायचं काम नाही. आणि चुन्याची दोन पोती टाकली म्हणजे काम झालं, हा समज सोडा. खड्डा उथळ असेल तर वरच्या चुन्याने कुत्री थांबत नाहीत आणि बीजाणूही त्याने भरवशाने मरत नाहीत.

आता मामाजींची अडचण. ती खोटी नाही. गावात एकदा नाव झालं की दूध परत यायला वेळ लागत नाही, हे मी नोकरीत पाहिलं आहे. त्यांना भेकड किंवा अडाणी समजू नका. जोडीतला बैल गेलेला माणूस आधीच अर्धा झालेला असतो. पण त्यांना एक हिशेब दाखवा.

काळपुळीची लस सगळ्या गावांत दरवर्षी टोचत नाहीत. लाळ्या-खुरकुताची मोहीम सगळीकडे येते, ही येत नाही. जिथे रोगाची नोंद आहे त्या गावात आणि आसपास ती देतात. नोंद नाही तर लस नाही. आज तुम्ही गप्प बसलात तर तुमचं गाव त्या यादीत येणारच नाही, आणि धुऱ्यातली माती मात्र पुढच्या पावसाळ्यात, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात तिथेच राहील. उन्हाळ्यात गवत आखूड होतं, जनावर मातीला तोंड लावून खुरटं गवत खातं. मग पाऊस येतो, सखल जागी पाणी साचतं, वरची माती तिथे गोळा होते. हा रोग त्याच दिवसांत डोकं काढतो. मामाजींना जागा ठाऊक आहे. त्यांच्या नातवाला ठाऊक असेल का? त्याने तिथे शेळ्या बांधल्या तर?

लस थांबवली की काय होतं याचं उदाहरण रशियातल्या यामाल भागाचं. तिथे बरीच वर्षं रोग दिसला नाही म्हणून २००७ मध्ये रेनडिअरांचं लसीकरण बंद केलं. २०१६ च्या उन्हाळ्यात विलक्षण उष्णता पडली, गोठलेली जमीन वितळली. दोन हजारांहून जास्त रेनडिअर मेले आणि बारा वर्षांचा एक मुलगा दगावला.

शिवाय कळवणं ही मर्जीची गोष्ट नाही. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांचा २००९ चा केंद्रीय कायदा आहे आणि काळपुळी त्याच्या यादीत आहे. संशय आला तरी मालकाने ग्रामपंचायतीला किंवा गावच्या अधिकाऱ्याला कळवायचं आणि तिथून ते पशुवैद्यकापर्यंत जायचं. पण कायद्याचा धाक मामाजींना पहिल्यांदा दाखवू नका, तो शेवटी ठेवा.

सुनेने सासऱ्यांपुढे हा विषय काढायचा कसा, असं तुम्ही उघड लिहिलं नाही, पण ओळींमधून दिसतं. माझा सल्ला असा: तुम्ही एकट्याने काढू नका. यजमानांना आणि दिरांना आधी हे वाचून दाखवा. रक्त त्यांच्याच हाताला लागलं होतं, ते ऐकतील. मग तिघांनी मिळून मामाजींना एवढंच म्हणा की तुमच्या हाताकडे बघून जिवाला घोर लागतो, एकदा डॉक्टरला विचारू. माणूस स्वतःच्या चुकीवर बोट ठेवलं की अडून बसतो. त्याच्या काळजीपोटी बोललं की वाट देतो. ते हो म्हणाले की १९६२ ला फोन लावा, पशुसंवर्धनाचा तो मोफत क्रमांक आहे, किंवा थेट तुमच्या भागातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. फोनवर 'बैल मेला' एवढंच सांगून थांबू नका. 'काळं, न गोठणारं रक्त' हे शब्द उच्चारा. तिकडच्या माणसाला तेवढ्यावरून कळतं. मामाजी नाहीच म्हणाले तर? मग तुम्ही फोन लावा. घरात दोन दिवस अबोला होईल, होऊ द्या.

दुधाबद्दल. जी गाय चरते आहे, रवंथ करते आहे, जिला ताप नाही, तिच्या दुधातून काळपुळी पसरत बसत नाही. तरी डॉक्टर येऊन बघेपर्यंत डेअरीला घालू नका आणि घरातही उकळल्याशिवाय वापरू नका. दोन-तीन दिवसांचा तोटा आहे, सोसा. ताप असलेल्या जनावराचं दूध कोणालाच द्यायचं नाही, वासरालाही नाही.

ताप हाताने बघू नका. मेडिकलच्या दुकानात साधा थर्मामीटर मिळतो. शेपटीखाली लावून सकाळ-संध्याकाळ बघा आणि कागदावर लिहा. गाय-बैलाचा ताप साधारण १०१ ते १०२ फॅरनहाइट असतो. १०४ च्या वर गेला की फोन. काळपुळीत तो १०६-१०७ पर्यंत चढतो आणि पेनिसिलीन त्या पहिल्या तासांतच उपयोगाचं असतं. मग जनावर पडलं की हातात काही राहत नाही.

लस द्यायची ठरली तर गावात कोणीतरी म्हणेलच की लसीनेच रोग येतो. ही लस जिवंत जंतूंची असते, हे खरं. पण दक्षिण आफ्रिकेत मॅक्स स्टर्न या पशुवैद्याने १९३० च्या दशकात जो वाण शोधला, त्याला ते गुलाबी दिसणारं कवचच नाही. कवच नसलेल्या जंतूला शरीर सहज मारतं आणि ओळख लक्षात ठेवतं. आपल्याकडची लस त्याच वाणाची. टोचल्या जागी थोडी सूज, एखादा दिवस कणकण, एवढं चालतं. लस आणि पेनिसिलीन एकाच वेळी नको, नाहीतर औषध लसीतले जंतूच मारून टाकेल. म्हणून कोणत्या जनावराला औषध आणि कोणाला लस हे डॉक्टरांना ठरवू द्या. पुढे दरवर्षी, पावसाळ्याआधी. गोऱ्ह्याला काळपुळीच्या लसीबरोबरच फऱ्या या रोगाची लस आहे का, हेही विचारा. सहा महिने ते दोन वर्षं वयाची, चांगली मांसल जनावरं फऱ्याला बळी पडतात, तुमचा गोऱ्हा नेमका त्यात बसतो. पुढचा किंवा मागचा पाय लंगडतो, मांडीच्या किंवा खांद्याच्या मांसल भागावर गरम सूज येते आणि दाबली की आत हवा चरचरते. त्याचेही बीजाणू मातीतलेच, मात्र तो जंतू हवा नसलेल्या जागी वाढतो.

करडांचं म्हणाल तर ते बहुधा वेगळं प्रकरण. पहिल्या पावसानंतरचा कोवळा, लुसलुशीत चारा किंवा एकदम जास्त दाणा पोटात गेला की शेळीच्या आतड्यात नेहमीच राहणारा एक जंतू झपाट्याने वाढतो आणि विष तयार करतो. आंत्रविषार म्हणतात तो. कळपातली सर्वांत गुटगुटीत करडंच आधी जातात, मान मागे टाकून, पाय झाडत. नाकातून काळं रक्त आलं नव्हतं ना? नसेल तर माझा कौल आंत्रविषाराकडे. त्याची लस पावसाळ्याच्या महिनाभर आधी द्यायची आणि पहिल्या वर्षी दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा चुकवायची नाही. बहुतेक जण दुसरी मात्रा विसरतात आणि लसीला नावं ठेवतात. चरायला सोडण्याआधी शेळ्यांना थोडं वाळलं कुटार घाला.

राहिला पोळा.

काळपुळी एका बैलाच्या अंगाला दुसरा बैल घासल्याने, एका तोरणाखाली उभं राहिल्याने पसरत नाही. ती मातीतून आणि चाऱ्यातून येते. जनावराच्या पोटात ती दबून राहण्याचा काळ जागतिक पशुआरोग्य संघटना २० दिवस धरते. तुमचा बैल जोडीदार गेल्यापासून तेवढे दिवस ठणठणीत आहे. पण कुत्र्यांनी उकरल्यानंतर तो त्या धुऱ्याला चरला असेल तर दिवस तिथून पुन्हा मोजावे लागतील. चरला नसेल, ताप नसेल आणि डॉक्टरांनी पाहून होकार दिला, तर खांद शेका, आवतण द्या आणि न्या त्याला पोळ्यात. गावाला तोवर रोगाची कुणकुण लागली असेल आणि कोणी हटकलं, तर सरपंचांनी पशुवैद्यकांकडूनच चार शब्द सांगून घ्यावेत. तुम्ही तिथे वाद घालू नका. लस नुकतीच टोचली असेल तर मिरवणुकीत पळवू नका, दोन-चार दिवस जुंपूही नका. डॉक्टर अजून आलेच नसतील तर या वर्षी त्याची पूजा दारातच करा.

आणि त्या दिवशी सगळं गाव बैल धुवायला नाल्यावर नेतं. तुमचा बैल विहिरीवर धुवा. नाल्याला त्या खड्ड्याच्या खालच्या अंगाला कोणाचाच बैल त्या सकाळी उतरणार नाही, एवढं ग्रामपंचायतीकडून आदल्या दिवशी दवंडी देऊन किंवा मंदिराच्या भोंग्यावरून सांगून घ्या.